लाल धाग्याची नाळ

नम्रता: नेट नाय लागत, आये. सगळ्या फाइली कॉलेजातून लॅपटॉपात उतरवून आणल्यात. तू नुसती बघ.

सकुबाई: मला काय कळतंय त्यातलं? भात टाकायचाय अजून.

(किन्हवली. घराची ओटी. दिवेलागण.)

नम्रता: ही वरची पट्टी म्हणजे माणसाच्या जनुकांचा नकाशा, सगळ्यांना लागू. तिच्याखाली माझं रक्त. जिथं मी नकाशापेक्षा वेगळी, तिथं रंगीत रेघ.

सकुबाई: लुगड्याच्या काठावानी दिसतंय.

नम्रता: आणि खालच्या या दोन म्हणजे तू डब्यातून काढून दिलेल्या सुकलेल्या नाळा. एक माझी, एक अंजूची.

सकुबाई: दिव्याच्या टायमाला तिचं नाव नको घेऊ.

नम्रता: बरं, माझ्या जुळ्या बहिणीची. तिला नेलं तो आजार माझ्यात हाय का, म्हणून तर हे सगळं केलं ना?

सकुबाई: मग? हाय का?

नम्रता: आजाराचं राहू दे. काळ्या धाग्याची नाळ माझी म्हणालीस ना? तिच्या रेघा माझ्या रक्ताशी निम्म्याच जुळतात, बहिणींच्या जुळतात तशा. आता लाल धाग्याची, तिची बघ. एकूण एक रेघ माझी.

सकुबाई: मशीन चुकलं असंल.

नम्रता: पुन्हा लोड करून बघितलं. मग वाटलं, धागे तूच उलटे सांगितलेस.

सकुबाई: धागे नाय चुकले गो. बारशाला बांधलेले मी. तवर खोटं सुरू नव्हतं झालं.

नम्रता: कसलं खोटं?

सकुबाई: ते मिट आधी.

नम्रता: आये, कसलं खोटं?

सकुबाई: (कुजबुजत) तुमी दीड वर्साच्या होतात. रोज या टायमाला परसातून हाक यायची, "अंजू, ये गो." आवाज माझा, आन् मी घरात चुलीपाशी. तसल्या हाकेला ओ दिली की माणूस जातं, म्हणून पोरीचं तोंड दाबून धरायची मी. त्यातच नम्रता तापली. शहापूरला नेताना जीपमधीच गेली. तिला मांडीवर घेऊन परत आली, आन् अख्ख्या गावाला सांगितलं, माझी अंजू गेली.

नम्रता: म्हणजे मी...

सकुबाई: बोलू नको! त्या दिवसापासून हाक बंद झाली. माझ्या नमूला दुसरीच्या नावानं पुरली गो. तिच्या नावानं धड रडता पण नाय आलं मला. काय करू? एक तरी राहायला पायजे होती.

नम्रता: रडू नको ना, आये. कोण नाय हुडकत आपल्याला.

सकुबाई: लॅपटॉपातून ते नाव पुसून टाक. पुसता येतंय ना?

नम्रता: येतंय.

सकुबाई: आन् त्या नावानं कुणी हाक नाय ना मारली?

नम्रता: मघाशी तू गोठ्यात होतीस तेव्हा फोन आला. नंबर दिसला नाय. बाईमाणूस होतं, लॅबमधलं असेल. आवाज ओळखीचा वाटला. म्हणाली, "अंजू हाय का?"

सकुबाई: मग?

नम्रता: रेघा नुकत्याच जुळल्या होत्या. तोंडातून निघून गेलं, "हो, मीच."

सकुबाई: ओ दिलीस गो तू.