तबेला घरात धरायचा की बाहेर?

आजच्या सोहळ्याचं अध्यक्षस्थान भूषवणारे आदरणीय पाद्रीसाहेब, व्यासपीठावरचे सन्माननीय गावप्रमुख, पहिल्या रांगेतल्या रेबेकाकाकू, आगीच्या पंपावरचे माझे सहकारी आणि माझ्या भाषणासाठी नव्हे तर मागच्या अंगणात शिजणाऱ्या मटणाच्या रश्श्यासाठी जमलेले समस्त ग्रामस्थहो, आपणा सर्वांना माझा नम्र नमस्कार.

चोर्बा केलेमेनकाका आज आपल्या अग्निशामक दलाच्या कप्तानपदावरून निवृत्त होत आहेत. त्यांच्याबद्दल दोन शब्द बोलायचा मान या विदा लोरिन्सला, म्हणजे गावाचे बूट शिवणाऱ्या माणसाला मिळाला. पाद्रीसाहेब मघाशी माझ्या कानात म्हणाले, 'लोरिन्स, त्यांच्याबद्दल बोल. स्वतःचं गाऱ्हाणं गाऊ नकोस.' मी प्रयत्न करतो. पण धीर यावा म्हणून गावप्रमुखांनी मला आलुबुखारच्या दारूचे दोन पेले पाजलेत, तेव्हा पुढचं त्यांनी निस्तरावं.

अठराशे अठ्ठेचाळीस साली, सतराव्या वर्षी, काका घोडदळात गेले. पुढच्या वर्षी स्वातंत्र्याच्या लढाईत आपलं सैन्य मोडलं, शस्त्रं खाली ठेवावी लागली. त्या दिवसाबद्दल काका पन्नास वर्षांत एक अक्षर बोललेले नाहीत आणि आम्हीही विचारत नाही. पण ते घोडदळातून परत आले असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्यांच्या पत्नीला, रेबेकाकाकूंना विचारा. त्यांच्या पिरोश्काचा जन्म झाला तेव्हा सुईण बाहेर येऊन म्हणाली, 'मुलगी झाली हो.' यांनी विचारलं, 'रंग कोणता?'

हसू नका. काकूंना अजून राग येतो.

आणि गिरणीची आग कोण विसरेल? घंटा वाजली, काकांनी तलवार उपसली आणि हुकूम सोडला, 'चढाई!' असे घोडे उधळले म्हणता, धूळच धूळ. काका गिरणीवर पोचले तेव्हा ज्वाळा अजून छपराला भिडल्या नव्हत्या. फक्त पंप घोड्यांना जोडायचा राहिला होता. तो इथेच, चौकात उभा होता आणि त्याच्यावर नळी हातात धरून मी बसलो होतो. अर्धी गिरणी गेली, पण घोडदळ उशिरा आलं असं कोणी म्हणू शकणार नाही.

त्या दिवसापासून काका मला 'बैठा माणूस' म्हणतात. 'हा बूट शिवायला बसतो, जेवायला बसतो, आगीतसुद्धा बसतो. फक्त घोड्यावर तेवढा बसत नाही.' खरं आहे. दोनदा बसलो, दोनदा पडलो. आणि अशा माणसाला काकांची एकुलती एक मुलगी हवी होती.

माफ करा पाद्रीसाहेब, गाऱ्हाणं सुरू झालंच.

आपली रीत ठाऊक आहे. मुलगी मागायची तर भरतकामाचा डगला तिच्या घरी 'विसरून' यायचा. सकाळी डगला घरात असला तर होकार. ओट्यावर टांगलेला दिसला, तर मुकाट्याने काखोटीला मारायचा आणि पुन्हा त्या वाटेला जायचं नाही. मी नऊ वर्षांत तीनदा विसरलो. तीनदा ओट्यावर सापडला. तिसऱ्या वेळी तर घडी घालून ठेवला होता. घडी पिरोश्काची होती, तिच्या हाताची घडी मी ओळखतो. तेवढ्यावर मी चार वर्षं काढली.

या हिवाळ्यात चौथ्यांदा विसरलो. सकाळी जाऊन पाहतो, तर ओटा रिकामा. खिडकीतून डोकावलो, तर डगला घरातही नाही. शेवटी तबेल्याच्या दारातून पाहिलं. काकांची सेल्लो नावाची म्हातारी घोडी खोकत उभी होती आणि तिच्या पाठीवर माझा डगला.

आता मला सांगा, हा होकार की नकार? दोन महिने गाव भांडतंय. गावप्रमुख म्हणतात, तबेल्याला दार वेगळं, म्हणून तो बाहेर. पाद्रीसाहेब म्हणतात, छप्पर एकच, म्हणून आत. मी रोज तिथून जातो, घोडी माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे बघतो. केलेमेनकाका मात्र विचारलं की घोडीला खरारा करायला लागतात.

पिरोश्काचं वय तीस झालं, माझं अडतीस. मला आता पाचवा डगला विसरायची ताकद नाही, काका. म्हणून सगळ्यांच्या देखत विचारतो: तबेला घरात धरायचा की बाहेर?

काय म्हणालात काकू? मागच्यांना ऐकू आलं नसेल. काकू म्हणतात, 'लग्नाला चाळीस वर्षं झाली. हा माणूस घोडी आजारी पडली की तबेल्यात झोपतो आणि मी आजारी पडले की तबेल्यात झोपतो. तबेला घर नसेल, तर मी लग्न कुणाशी केलं?'

थांबा, शांत व्हा. काका उठताहेत. बाकांनो, कुरकुरू नका.

बरं काका. हो, सांगतो मी सगळ्यांना.

ग्रामस्थहो, काका म्हणताहेत, 'एकोणपन्नासच्या थंडीत माझ्याकडे एकच पांघरूण होतं, ते मी घोड्याला घातलं. शेजारी एका श्रीमंताचं पांघरूण पडलं होतं, त्याला हात लावला नाही. परक्याचं कापड मी माझ्या घोड्याच्या अंगावर कधी घातलेलं नाही. हे या बैठ्या माणसाला दोन महिने कळू नये?'

मला जरा पाणी द्या.

पिरोश्का तिकडून ओरडतेय की डगल्याची गळपट्टी घोडीने खाल्ली आहे, आणि ती काही नवीन शिवून देणार नाही, बूट शिवणाऱ्याने स्वतः शिवावी. शिवतो. आणि शिवली नाही तरी लग्नात तोच डगला घालीन.

कप्तानसाहेबांना निरोप द्यायला उभा राहिलो होतो, ते राहूनच गेलं. तुम्ही सगळ्यांनी ऐकून घेतलंत, त्याबद्दल आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर ते गावप्रमुखांच्या दोन पेल्यांच्या पदरात घाला आणि मला क्षमा करा. आता मी बसतो. काका, आजच्यापुरती परवानगी द्या.