शेवटच्या नावाची बेरीज

शप्पत सांगतो, ह्यातला शब्द न शब्द खरा हाय. एक सोडून.

रामनगरच्या कॉम्प्युटर क्लासात सरांचा प्रोग्रॅम लेखी आणि तोंडी परीक्षेच्या दोन याद्यांतून क्रमानं एकेक गुण उचलून बेरीज करायचा. यादीतला पहिला, कॅसलरॉकचा अर्जुन, गाडी चुकल्यानं तोंडीला आलाच न्हाई. सरांनी तोंडीच्या यादीत त्याची जागा रिकामी न सोडताच बाकीच्यांचे गुण भरले. झालं! प्रत्येकाच्या लेखीला पुढच्याची तोंडी चिकटली. मी शेवटचा, माझ्यापर्यंत येईस्तोवर तोंडीची यादीच संपली आणि प्रोग्रॅम तिथंच थांबला. निकालात माझं नावच न्हाई!

"मशीन चुकत न्हाई," सर म्हणाले.

"मग माझी तोंडी कुणी खाल्ली? उठत न्हाई मी हितनं!"

सरांची खुर्ची अडवून मी तोंडीच्या यादीत अर्जुनाच्या जागी शून्य घातलं. सगळ्या बेरजा जाग्यावर आल्या आणि मी पास!

खोटं ते एवढंच. झालो नापासच, पण स्वतःच्या गुणांनी!