दादाचे ढगळ बूट

ओर्खोन नदीकाठच्या दवाखान्यात सारांगेरेल खोकल्याच्या औषधासाठी बसली होती. तिची लेक बाहेर घोड्यावरच थांबली होती. बाकावर शेजारी एक म्हातारा आणि हात गळ्यात बांधलेली त्याची नात बोलत होती.

"आजोबा, मी परत घोड्यावर नाही बसणार."

"बरं. पण पडलीस कशी ते तरी सांग."

"त्याचा पाय बिळात गेला. मी खाली आपटले आणि माझा पाय रिकिबीतच अडकला. तो उधळला हो! डोकं दगडांवरून फरफटत होतं माझं."

"मग?"

"मग बूट निसटला. बूट गेला घोड्याबरोबर, मी राहिले."

"आणि सकाळी भोकाड कोणी पसरलं होतं? दादाचे ढगळ बूट नकोत, सगळे हसतात म्हणून?"

"मीच."

"हसू देत. घोड्यावरून पडता आलं पाहिजे, बाळा."

"त्यापेक्षा मला बांधूनच टाका ना! म्हणजे पडणारच नाही."

"तुझी आत्या हेच म्हणाली होती. मी दिलं बांधून."

"मला कुठे आहे आत्या?"

"होती."

आतून सारांगेरेलच्या नावाचा पुकारा झाला, तेव्हा ती दाराबाहेर पोचलीसुद्धा होती. वारा सुटला होता, घोडा कान टवकारून जागच्या जागी नाचत होता. लेकीचे दोन्ही पाय रिकिबींना चामड्याच्या वादीने करकचून बांधलेले होते. सकाळी सारांगेरेलनेच बांधले होते.

"आई, काय झालं?"

"काही नाही. हलू नकोस," ती हळूच म्हणाली आणि तिने गाठीला दात लावले.