अकरा वर्षांची मापं

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात माझ्यापुढे शिवणकाम करणाऱ्या एक बाई होत्या.

"बाई, डिस्क पार गेली. काय होतं यात?"

"गिऱ्हाइकांची अकरा वर्षांची मापं."

"मग ती गेलीच समजा."

"कशाला जातील? फाइल क्लाउडवर आहे. माझ्या दुकानात तीच उघडते, जावेच्या दुकानातही तीच."

"आणि दोघींनी एकदम उघडली तर?"

"उघडली होती ना एकदा! दोन फायली झाल्या नि एका नवरदेवाच्या छातीची दोन मापं निघाली. तेव्हापासून एकीचा 'बंद केली' असा फोन आल्याशिवाय दुसरी हात लावत नाही. थांबा, स्पीकरवर टाकते. हॅलो धाकटे, माझ्याकडची बंद आहे गं. चांगलीच बंद आहे! तू उघड आणि कालची शेवटची नोंद वाच."

"उघडली, ताई. सगळी मापं आहेत. शेवटची नोंद कॉम्प्युटरवाल्या दादांची. पँट, कंबर अडतीस."

"बघा!"

"आणि ताई, गेल्या वर्षी चौतीस होती."

"बाई, स्पीकर बंद करा हो. मागे लोक उभे आहेत."

"असू देत उभे! धाकटे, जरा मोठ्यानं वाच."