भिवराबाईचा लेप

न्हाई पोरी, लेप न्हाई लावायची मी. ती वाटी खाली ठेव. शिरूरपस्नं लोक या भिवराबाईचं नाव घेत येतात, खरं हाय — गळू म्हणू नको, केसतूड म्हणू नको, चाळीस वर्सं हेच केलं. पण हे गळू न्हाई. कावून म्हणतीस? हिकडं बघ. काटा मोडला घोट्यात, आन पोर किंचाळतंय गुडघ्याला हात लावला तरी. लाली खाली, दुखणं कितीतरी वर. गळू असतं तर एका जागी धरलं असतं, तोंड केलं असतं. मघाशी कोळशानं लालीच्या कडंनं रेघ ओढली का न्हाई मी? तुजी भाकर खाऊन होईस्तवर लाली रेघ वलांडून दोन बोटं वर गेली. आन हा फोड — जांभळा. अंग तव्यासारखं, आन पोर दूध मागंना.

मला कसं ठावं? बघितलंय. एक पोरगी माहेरी आलती, तीन वर्साचं लेकरू घेऊन — शेरडांमागं पळताना त्याला बाभळीचा काटा लागला. पाय सुजला. पोरगी म्हणली, आई, बीडला सरकारी दवाखान्यात नेऊ. आई म्हणली — म्हंजी मीच म्हणले. माजीच लेक, सत्यभामा. म्हणले, सारा मुलूख माज्याकडं येतो आन माजी लेक त्या चिरफाड करणाऱ्याकडं जाणार व्हय? हळद-कांद्याचा लेप लावला, दोन दिस थांबवलं तिला. तिसऱ्या दिवशी सटवा, माजा नातू, रडायचा थांबला. सत्यभामा म्हणली, उतार पडला वाटतं, आई. मी हो म्हणले. मला ठावं होतं — उतार न्हाई ते. पाय काळा पडलेला, मी चिमटा घेतला तर त्याला कळलं न्हाई — आन मी लेकीला हो म्हणले. हे तिला आजून ठावं न्हाई. तुला कावून सांगते, कुणास ठाऊक.

नेलं शेवटी. डॉक्टरसाहेबानं मांडीपस्तोर चिरलं, सडलेलं मास काढलं, औषधाच्या पाण्यानं धुतलं. रागावला न्हाई. म्हणला, म्हातारे, आधी आणलं असतंस तर पाय गेला असता कदाचित, पोर ऱ्हायलं असतं. दुसऱ्या दिवशी दुपारी गेला सटवा. सत्यभामानं मला शिवू दिलं न्हाई त्याला. तशीच सासरी गेली. सात वर्सं झाली.

तुजा धनी भाईर हाय ना? गाडी जुंप म्हणावं, आत्ता निघालात तर दिवस मावळायच्या आत बीड. पाय उंच धर, चोळू नको, आवळून बांधू नको. पाणी पाजत ऱ्हा. डॉक्टर चिरायचं म्हणले तर आडवी येऊ नको. पाय तोडायचा म्हणले तरी हो म्हण — आयकलंस का, तरी हो म्हण.

न्हाई, पाया नको पडू. माज्या नको. ऊठ. पोर उचल आन जा.