तीन ठिपक्यांची बाटली

(सकाळचे साडेसात. दुधाच्या रिकाम्या बाटल्या धुऊन डेअरीला परत देणारा कारखाना. धुतलेल्या बाटल्यांची पहिली गाडी पहाटेच गेली आहे. ऑफिसात कारखाना चालवणारा धाकटा भाऊ आणि कारखान्याच्या कार्बनचा हिशोब ठेवणारी ताई.)

धाकटा : आणि हे तू मला न विचारता केलंस! माझ्या बाटल्यांना नेलपॉलिश फासलंस!

ताई : फासलं नाही. बुडाला बारीक ठिपका लावला. ओरडू नकोस, बाहेर माणसं आहेत.

धाकटा : ओरडणार! अकराला डेअरीचे लोक करार वाढवायला येतायत, आणि तुला आज सुचतंय आकडे तपासायला?

ताई : आज नाही, तीन महिने तपासतेय. नवी बाटली करताना भट्टीत जो कार्बन सुटतो, तो आपण पंचवीस फेऱ्यांत वाटून टाकतो. पण एक बाटली खरंच इतक्यांदा परत येते, की नुसती कागदावर फिरते? म्हणून दर फेरीला, बाटली परत आली की एक ठिपका.

धाकटा : सापडली का एक तरी ठिपकेवाली?

ताई : तू सांग. सापडायला हवी का?

धाकटा : अगं शहाणे, सापडेल कशी? ऐंशी अंशाचं पाणी, त्यात कॉस्टिक सोडा. माणसाची कातडी सोलून निघेल, तिथे तुझं नेलपॉलिश टिकतंय होय! पहिल्या धुण्यातच गेलं ते. एवढं शिकलीस आणि साधी गोष्ट कळू नये? साप म्हणून भुई धोपटत बसलीस तीन महिने!

ताई : ठिपक्यांचं ऐकून काल लॅबवालाही हेच म्हणाला. तुझ्यासारखाच हसला.

धाकटा : हसणारच.

ताई : ही बाटली घे. काल परत आलेल्यांतली. उलटी कर.

धाकटा : काय आहे?

ताई : मोज ना.

धाकटा : ...तीन.

ताई : तीन ठिपके. म्हणजे ही दोनदा आपल्या इथे धुऊन गेली आणि तिसऱ्यांदा आली. पहिला ठिपका बघ कसा लालभडक आहे. मी वेडी, खूश होत होते. बाटल्या फिरतायत, आपला आकडा खरा आहे म्हणून.

धाकटा : असेल एखादी चुकार.

ताई : टेबलाखाली खोकं भरून आहेत. पाणी किती गरम ठेवतोस?

धाकटा : तक्ता आहे ना भिंतीवर. ऐंशी.

ताई : तक्ता मीच लावलाय. मी पाण्याचं विचारतेय.

धाकटा : ऐंशी म्हटलं ना!

ताई : मिस्त्री! जरा आत या.

मिस्त्री : काय ताई? बॉयलर सोडून आलोय, पटकन बोला.

ताई : धुण्याचं पाणी कितीवर ठेवता?

मिस्त्री : साहेबांनी सांगितलंय तेवढंच.

ताई : म्हणजे किती?

मिस्त्री : ...पंचेचाळीस.

धाकटा : तुम्ही जा, मिस्त्री.

मिस्त्री : जातो. पण मी मनाने नाही केलं हां. साहेब म्हणाले, ताईंचा आकडा बसवायचा तर गॅस कमी जाळायचा. मला वाटलं, तुमचाच हुकूम.

ताई : माझा?

मिस्त्री : गॅसचा वापर खाली आला तेव्हा तुम्हीच नाही का सगळ्यांना आइस्क्रीम वाटलंत? मी दोन खाल्ली.

धाकटा : ऐकलंस? आता दाखव माझ्याकडे बोट. नव्या बाटलीपेक्षा कार्बन निम्म्याखाली पाहिजे, नाहीतर डेअरी दुसरीकडे जाईल, असं कोण म्हणालं होतं? गाड्या कमी होत नाहीत, काच हलकी होत नाही. उरलं काय? बॉयलर!

ताई : मग यायचं माझ्याकडे! सांगायचं, जमत नाही!

धाकटा : आलो होतो. तू मान वर न करता म्हणालीस, ‘बघ काहीतरी, बसव.’ बसवलं!

ताई : ‘बसव’ म्हणजे घाणेरड्या बाटल्या पाठव?

धाकटा : घाणेरड्या नाहीत. आरशासारख्या चकचकतात. एक तक्रार आली नाही.

ताई : अरे, ज्यांच्याकडे जातात त्यांना धड बोलता तरी येतं का? पाळणाघरांत जातं ते दूध!

धाकटा : माझी पोर चिमीही तिथेच आहे! मी काय तिचा वैरी आहे?

ताई : चिमी डब्यातलं दूध पिते. परवा तुझी बायकोच म्हणाली. घरून देते, ‘हे’ म्हणाले बाटलीचं नको.

धाकटा : तिला चव आवडत नाही.

ताई : कधीपासून?

धाकटा : ताई...

ताई : कधीपासून आवडत नाही रे, सांग ना!

धाकटा : आज सही होऊ दे. एकदा सही झाली की ऐंशीवर ठेवतो. आईची शपथ.

ताई : आईला मध्ये आणू नकोस. पहाटे गेलेल्या गाडीचं काय? डेअरीला फोन लाव.

धाकटा : नाही लावणार. त्या बाहेरच्या माणसांना काय सांगशील? तीसेक घरं आहेत, त्यांच्या चुली कोण पेटवणार? तुझा कार्बन?

ताई : सरक. ...हॅलो? बाटल्यांच्या कारखान्यातून बोलतेय. आमची पहाटेची गाडी आली का? त्यातल्या बाटल्यांत दूध भरू नका. ...हो, एकीतही नाही. ...कारण नंतर सांगते. ...नाही, आत्ताच सांगते. धुतलेल्या नाहीत नीट. ...हो, धरते.

धाकटा : झालं? स्वतःच्या हाताने कुलूप लावलंस.

ताई : तुझ्या पंचेचाळीस अंशांना लावलं.

धाकटा : तुझ्या निम्म्याला लावलंस!

ताई : ...त्यालाही.

मिस्त्री : (पुन्हा दारातून डोकावत) ताई, पुढची खेप मशिनात चढवायचीय. पाणी?

ताई : ऐंशी.

मिस्त्री : गॅस जळेल भरपूर. तुमचा तो आकडा...

ताई : जळू दे. तुम्ही काटा ऐंशीवर गेल्याशिवाय एक बाटली आत सोडू नका.

मिस्त्री : अर्धा तास लागेल तापायला.

ताई : लागू दे.

धाकटा : काय म्हणतायत डेअरीवाले? बोल ना!

ताई : थांब. ...हो, ऐकतेय. ...बरं. ...बरं.

धाकटा : ताई!

ताई : निम्म्या भरून झाल्यात. पाळणाघरांची गाडी फाटकात आहे की सुटली, ते बघायला माणूस पळालाय.