हाताबाहेर गेलेली पोर

(केंटकीतल्या एका लहान गावचं बालन्यायालय. बाहेरच्या बाकावर लेटी, तिची चौदा वर्षांची नात मार्ली आणि मार्लीची बाजू मांडायला कोर्टानं दिलेले वकील.)

लेटी: म्हणजे माझाच तक्रारीचा कागद मला परत घेता येत नाही?

वकील: नाही, लेटीबाई. सही केलीत त्या दिवशी तो सरकारचा झाला.

लेटी: अहो, पाद्रीबाबा म्हणाले होते, जज नुसते डोळे वटारतील आणि पोर सुतासारखी सरळ होईल. तीनदा पळाली ही, आईला शोधायला. जिवाला घोर लागला होता माझ्या. म्हणून लिहून दिलं, ऐकत नाही म्हणून.

मार्ली: 'हाताबाहेर गेली' असं लिहिलंयस. वाचलंय मी.

वकील: मोठं माणूस घर सोडून गेलं तर कुणी हटकत नाही. पोरानं तेच केलं की खटला. त्यात जजनी बजावलं होतं, शाळा बुडाली तर कोठडी. हिचे चार दिवस बुडाले. मार्ली, कुठे होतीस?

मार्ली: झोपले होते.

वकील: चार दिवस?

मार्ली: मला झोप फार.

लेटी: खोटं बोलतेय, साहेब. मी न्हाणीघरात पडले होते. साखर एकदम उतरली. चार दिवस हिनंच मला उठवलं-बसवलं, ताकात मक्याचा पाव कुस्करून भरवला. मी सारखी सांगत होते, शाळेत जा.

मार्ली: आणि मी ऐकलं नाही. झालं, तुझा कागद खरा ठरला.

वकील: हे आत सांगितलंत तर कोठडी टळेल, असं मला वाटतं.

मार्ली: आणि त्या बालकल्याणच्या बाई? आत वही उघडून बसल्यात. म्हणतील, म्हातारीला स्वतःचंच होत नाही, पोरीला परक्या घरी ठेवा.

वकील: म्हणतील कदाचित. त्याचा शब्द मी देऊ शकत नाही. पण खोटं सांगायलाही मी सांगणार नाही.

मार्ली: कोठडी दहा दिवसांची. परकं घर अठरा वर्षांची होईपर्यंत. मी झोपलेच होते, साहेब.

लेटी: दहा दिवस काय खेळ वाटला तुला? तिथं चाकू चालवलेली पोरं असतात. तू काय केलंस? आईला शोधलंस, मला भरवलंस.

मार्ली: दहा दिवस निघतील, आजी. शेजारच्या ओपलकाकूंना सांगितलंय, दुपारी डोकावतील.

वकील: पुकारा झाला. चला.

लेटी: मार्ली, तू माझ्या मागून ये. आधी मी बोलणार. त्या कागदावर माझी सही आहे, तर खरंही मीच सांगेन. मग कुठं ठेवायचं तिथं ठेवू देत तुला, पण कुलपात नको.

मार्ली: आणि सकाळी तुला कोण उठवणार?